ब्रँच निवडण्याआधी एवढं वाच

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला. एमबीबीएसनंतर सर्जरीची ब्रँच घ्यायचीय पण सर म्हणतात मुलींना झेपत नाही, पेशंटही येत नाहीत, एखादी शांत ब्रँच घे. अजून तेच चाललंय का! हा सल्ला तुझ्या पणजीच्या वयाच्या डॉक्टरणींनीसुद्धा ऐकलाय.

व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन डॉक्टरणीला 1930 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तिच्याच चीफने, म्हणजे ज्याच्या नावाचं ऑपरेशन आपण पाठ करतो त्या व्हिपलनेच, सांगितलं की बायकांची सर्जरीची प्रॅक्टिस चालत नाही, तू भूल द्यायला शिक. तेव्हा तिथे भूल देणं हे बऱ्याचदा नर्सचंच काम होतं. ती शिकली, 1949 ला कोलंबियाच्या मेडिकल कॉलेजात फुल प्रोफेसर झालेली पहिली बाई झाली, आणि त्याच सुमारास भूलशास्त्राचं स्वतंत्र डिपार्टमेंट झालं तर हेड केलं एका पुरुषाला. (चिडलीस ना? चिड.)

मग ती लेबर रूमकडे वळली आणि जन्मानंतर एका मिनिटाला बाळाच्या पाच गोष्टी बघायला लावल्या, रंग, नाडी, डिवचल्यावर काय करतं, हातपाय कितपत आवळलेत, श्वास, आणि प्रत्येकाला 0, 1 किंवा 2. मशीन नको काही नको, घड्याळ आणि डोळे बस. 1953 ला ते छापून आलं. परवाच्या ड्यूटीत तू केसपेपरवर जो अपगार स्कोर लिहिलास तो हाच.

हेलन टाउसिग मला जास्त आवडते, खरं सांगायचं तर. जॉन्स हॉपकिन्सला लहान मुलांचं हार्ट क्लिनिक तिच्याकडे आलं तेव्हा जन्मतः बिघडलेल्या हृदयासाठी करण्यासारखं फारसं काही नव्हतंच, त्यात तिला ऐकू कमी यायचं. हार्टची डॉक्टर आणि कानाने साथ सोडलेली! ती बाळाच्या छातीवर हात ठेवून मर्मर, म्हणजे हृदयातला जादा आवाज, बोटांना जाणवते का बघायची, एक्सरेच्या पडद्यावर तासन्‌तास हृदय बघायची, आणि त्यातून तिच्या लक्षात आलं की डक्टस (जन्माआधी हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या जोडणारी नळी) बंद झाली की काही निळी बाळं, म्हणजे ऑक्सिजन कमी पडून निळसर दिसणारी, जास्त बिघडतात, म्हणजे फुप्फुसाला रक्तच कमी पडतंय, मग दुसरी वाट करून द्या की! 29 नोव्हेंबर 1944 ला तिथल्याच सर्जन ब्लॅलॉकने ते ऑपरेशन केलं. हिला फुल प्रोफेसर व्हायला 1959 उजाडलं. आणि प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती पद्धत बसवणारा व्हिव्हियन थॉमस, कृष्णवर्णीय टेक्निशियन, त्याचं तर ऑपरेशनच्या नावातही नाव नव्हतं, हेही विसरू नकोस, अन्याय फक्त बायकांवरच होतो असं नाही.

याच टाउसिगकडे आपल्या हार्टच्या डॉक्टर पद्मावती शिकल्या. 1953 ला दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात लागल्या, पुढे तिथे कॅथ लॅब, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून हृदय तपासायची खोली, उभी केली. म्हणजे बघ, एकीने केलेली वाट दुसरीला किती उपयोगी पडते.

आता हे वाचून कोणी म्हणेल की बघा, बाजूला ढकललं म्हणूनच मोठ्या झाल्या, तर त्याला सरळ उडवून लाव. किती जणी बाजूला पडून तिथेच संपल्या ते कोण मोजणार. मी फक्त एवढंच म्हणतेय की "शांत ब्रँच" वगैरे काही नसतं आणि दुसऱ्याच्या भीतीवर तू तुझी ब्रँच ठरवू नकोस.

सरांचं ऐकायच्या आधी सर्जरीतल्या रेसिडेंट मुलींना गाठ, ड्यूटी संपल्यावर, चहाला. कामाचे तास किती ते सगळेच सांगतील, तू विचार की केस कोणाच्या हातात देतात, रात्री सिनियर फोन उचलतो का, रिसर्च पेपरवर नाव कोणाचं जातं आणि बाळंतपणाची रजा मागितलेल्या मुलीचं पुढे काय झालं. उत्तरं लिहून ठेव, रविवारी मला फोन कर, मग बोलू.