पुस्तक बाद करण्याआधी तारीख चिठ्ठी उलटून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तालुक्याच्या वाचनालयाचं काम नुकतंच अंगावर पडलंय, तेरा-चौदा हजार पुस्तकं, कपाटं अपुरी. दोन वर्षांपूर्वी कोहा, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणारं संगणक सॉफ्टवेअर, बसवलं. त्यातून 'एकदाही न गेलेली पुस्तकं' अशी यादी काढली तर निम्मा साठा तिच्यात येतोय. कार्यकारिणी म्हणते, हे सगळं रद्दीत काढा. काढायचं का?

त्या यादीवरून तर अजिबात नाही. मी सत्तावीस वर्षं देवघेवीच्या टेबलामागे बसलोय, आणि ही चूक एकदा स्वतःच्या हातानं केलीय. ती पुढे सांगतो.

आधी यादीचं. 1974 साली दाखल झालेलं पुस्तक तुम्ही दोन वर्षांपूर्वी कोहात चढवलं. कोहाच्या लेखी ते तेव्हाच जन्मलं. 'एकदाही न गेलेलं' म्हणजे दोन वर्षांत न गेलेलं, एवढंच. यादीतली दहा पुस्तकं काढा आणि मागचं पान उघडा. तिथे तारीख चिठ्ठी, म्हणजे दर देवघेवीला तारखेचा शिक्का मारायचा चिकटवलेला कागद असेल, बहुतेक पुस्तकाचं कार्ड ठेवायचा खिसाही असेल. पुस्तक कार्ड, खिसा आणि चिठ्ठीची ही पद्धत अमेरिकेतल्या न्यूआर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातून आली, म्हणून ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात तिला न्यूआर्क पद्धतच म्हणतात. पुस्तक दिलं की त्याचं कार्ड खिशातून काढून ट्रेमध्ये ठेवायचं. संध्याकाळी ट्रेमधली कार्डं विषयवार लावायची, मोजायची, आकडा रोजच्या वहीत उतरवायचा. कंटाळवाणं काम, पण त्या चिठ्ठीवर पुस्तकाचं सगळं आयुष्य शिक्क्यांनी उमटलेलं असतं. (आमच्याकडे चिठ्ठी भरली की जुनी फाडून नवी लावायचे. मी जुनीवरच एका कडेनं चिकटवायला लावलं, कारण जुनी फाडली की इतिहासही गेला.)

आता साठ्यातलं खरंच काय चालतंय, हे पाहायची एक सोपी रीत. रिचर्ड ट्रूस्वेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1960च्या दशकात ती मांडली. ग्रंथालयातली सुमारे 80 टक्के देवघेव 20 टक्के पुस्तकांवर होते, हे 1969 साली लिहिणारा तोच. किती वेळा गेलं हे तो मोजत नाही. आज जाणारं पुस्तक याआधी शेवटचं कधी गेलं होतं, एवढंच विचारतो.

महिनाभर असं करा. पुस्तक देताना नवा शिक्का मारण्याआधी वरची, म्हणजे मागची तारीख कागदावर टिपा. चिठ्ठी बंद केली असेल तर कोहात बघा, तिथे नसेल तर चिठ्ठीवर. समजा 300 पुस्तकं गेली आणि त्यांतल्या 285 पुस्तकांची मागची तारीख चार वर्षांच्या आतली निघाली. म्हणजे चार वर्षांत हललेली पुस्तकं जवळ ठेवली तरी वाचकांची 95 टक्के मागणी भागते. बाकीची लगेच टाकायची असा त्याचा अर्थ नाही. ती मागच्या खोलीत गेली तरी चालतील, एवढाच. नवी खरेदी मात्र वेगळी काढा. ज्याला मागची तारीखच नाही ते या हिशोबात बसत नाही. आणि महिना निवडताना दिवाळीनंतरचा घेऊ नका. अंक पातळ, दोन दिवसांत परत, लगेच दुसऱ्याच्या हातात. त्या दिवसांत देवघेवीचा आकडा फुगतो आणि कार्यकारिणी खूश होते, पण कादंबऱ्या तेव्हा कपाटातच असतात. दिवाळी अंकांचा हिशोब कायम वेगळाच ठेवा. मुदतवाढही वेगळी मोजा, नाहीतर एकाच आजोबांकडे तीन महिने पडलेलं पुस्तक सहा वाचकांनी वाचल्यासारखं दिसतं.

न जाणारी पुस्तकं सगळीकडेच असतात, त्याची लाज बाळगू नका. पिट्सबर्ग विद्यापीठाचा 1979चा अभ्यास प्रसिद्ध आहे : 1969 साली घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ 40 टक्के पुढच्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. त्यावर प्राध्यापक मंडळींनी भरपूर वादही घातला, कारण टेबलावर बसून वाचलेलं देवघेवीत पूर्ण येत नाही.

माझी चूक नेमकी इथेच झाली. गावच्या नगरपालिकेची एक जुनी स्मरणिका होती, कापडी बांधणी, चिठ्ठी कोरी करकरीत. मी ती बाद यादीत टाकली, ठराव झाला, गेली. पुढच्याच महिन्यात एक निवृत्त शिक्षक आले आणि सरळ त्या कपाटाकडे गेले. ते वर्षानुवर्षं तिथेच खुर्ची ओढून ती वाचत, टिपणं काढत आणि परत जागेवर ठेवत. घरी कधीच नेली नाही, म्हणून शिक्का नाही. दुसरी प्रत गावात मिळाली नाही. ते काही बोलले नाहीत, रिकाम्या जागेकडे बघून वर्तमानपत्राच्या टेबलावर जाऊन बसले.

तेव्हापासून कपाटांवर पाटी लावली : 'वाचून झालेलं पुस्तक जागेवर ठेवू नये, टेबलावर ठेवावं.' संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं मोजून मगच लावायची. कोहात हे आणखी सोपं आहे. 'सांख्यिकी' प्रकारचा एक सभासद तयार करा आणि टेबलावरची पुस्तकं त्याच्या नावावर टाका. पुस्तक बाहेर गेल्याचं दिसत नाही, आत वापरल्याची नोंद मात्र होते. स्थानिक इतिहास, स्मरणिका, गावातल्या लेखकांची पुस्तकं यांना तर तारखेचा नियम लावूच नका.

एक वही आणखी ठेवा, नकाराची. वाचकानं मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं किंवा बाहेर होतं, ते पुस्तक त्यात लिहायचं. देवघेवीचा आकडा फक्त दिलेलं सांगतो. रिकाम्या हातानं परत गेलेला माणूस त्यात नसतो. माझी निम्मी खरेदी या वहीवरून व्हायची.

कार्यकारिणीला सांगा, बाद करायचंच तर आधी वर्षभर बाजूच्या कपाटात ठेवू आणि कुणी मागितलं तर परत आणू. त्यानंतर यादी, ठराव, दाखल नोंदवहीत प्रत्येक क्रमांकासमोर शेरा. अनुदानित वाचनालय असेल तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून प्रक्रिया विचारून घ्या. आणि महिनाभराच्या तारखा जमल्या की इथेच टाका, चार वर्षांची रेघ तुमच्याकडे कुठे पडते ते बघू.