पुतणीला अमेरिकेत दत्तक न्यायचंय? आधी तिची पात्रता पाहा

पुतणीला दत्तक घेऊन अमेरिकेत न्यायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, हे तुमच्या पत्रात वाचून खूप बरं वाटलं. सुरुवातीला सगळे स्वतःच्या पगाराची आणि वयाची काळजी करतात, पण गाडी अडते मुलाच्या पात्रतेवर.

सर्वांत मोठी चूक सांगतो. गावी जायचं, हिंदू दत्तक कायद्याखाली दत्तकपत्र नोंदवायचं आणि मग व्हिसा मागायचा. असं अजिबात करू नका. भारत आणि अमेरिका दोघांनीही परदेशी दत्तकाबद्दलचा 1993 चा हेग करार स्वीकारलाय. त्यामुळे कारा, म्हणजे भारत सरकारच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फतच जा, आणि अमेरिकेची तात्पुरती मंजुरी हातात येईपर्यंत दत्तकविधान पूर्ण करू नका. आधी झालेलं दत्तक निस्तरताना लेकराचे हाल होतात.

दुसरं, वय. आय-800, म्हणजे मुलाच्या पात्रतेसाठी अमेरिकेकडे करायचा अर्ज, मूल 16 वर्षांचं होण्याआधी दाखल व्हावा लागतो. पुतणी 14 ची आहे म्हणता, तर होम स्टडी, म्हणजे तुमच्या घराची आणि परिस्थितीची अधिकृत पाहणी, याच महिन्यात सुरू करा.

अनाथ मुलांच्या संस्थेतल्या मुलाचाही विचार आहे ना? मूल संस्थेत आहे एवढ्याने भागत नाही. बालकल्याण समितीने त्याला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त जाहीर करावं लागतं. आईवडिलांनी स्वतः सोपवलं असेल तर फेरविचाराला त्यांना 60 दिवस मिळतात. ते दिवस त्यांच्या हक्काचे आहेत. त्यात घाई करणाऱ्या मध्यस्थापासून लांब राहा.

तूर्त एवढंच करा:
- हेग करारानुसार मान्यता मिळालेली अमेरिकेतली दत्तक एजन्सी गाठा.
- पुतणीचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख अक्षरन् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या.

बाकीचे फॉर्म एजन्सी ठरल्यावर बघू.