पुतणीचं लग्न बालीत आहे. नाशिकहून जाणाऱ्या पाहुण्यांना काय काय सांगून ठेवावं?

आधी प्रत्येकाचा पासपोर्ट बघा. बालीत उतरताना तो किमान ६ महिने वैध लागतो, आणि घरातल्या ज्येष्ठांचे पासपोर्ट नेमके इथेच अडतात. व्हिसा तिथे पोहोचल्यावर मिळतो (५ लाख रुपिया, म्हणजे इंडोनेशियाचं चलन), शिवाय दीड लाख रुपियांचा पर्यटन कर. दोन्ही ऑनलाइन आधीच भरा, आजी-आजोबांचं रांगेत उभं राहणं वाचेल. विमान मुंबईहून, त्यामुळे कसारा घाट आणि पुढची गर्दी धरून भरपूर लवकर निघा.

दागिन्यांचं मात्र नीट ऐका. भारी सोनं नेत असाल तर जातानाच मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, बिलं सोबत ठेवा. नाहीतर परतताना आपल्याच सोन्याचा खुलासा करत बसावं लागतं.

फिरायला उलुवातू चुकवू नका. कड्यावरचं मंदिर, खाली समुद्र, आणि सूर्यास्ताच्या वेळी केचक नृत्यातून रामायण! पंचवटीच्या गावच्या माणसांना ते बघताना भरून येईल. देवळांत कमरेला सारोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र) लागतो. बालीच्या आतल्या भागातल्या उबुद गावासाठी वेगळा दिवस ठेवा.

लग्न मार्चमध्ये असेल तर न्येपीची (बालीच्या नववर्षाचा मौन पाळायचा दिवस) तारीख तपासूनच तिकिटं काढा. त्या दिवशी विमानतळसुद्धा २४ तास बंद असतो.