वॉटरहाउसच्या 'सर्सी' चित्रात ओडिसिअस कुठे आहे?

आपण विचारले आहे की इंग्रज चित्रकार जॉन विल्यम वॉटरहाउसच्या १८९१ च्या तैलचित्रात ग्रीक पुराणकथेतली जादूगारीण सर्सी ही वीर ओडिसिअसला पेला देत असल्याचे शीर्षक सांगते, मग चित्रात ती एकटीच का दिसते? ओडिसिअस चित्रात आहे, परंतु तो तिच्या पाठीमागच्या मोठ्या गोल आरशात शोधावा लागतो. त्या आरशात महालाचे खांब, दूरवर त्याचे जहाज आणि दाढी असलेला, काहीसा बिचकलेला तो स्वतः दिसतो. आरशात तो समोरून दिसतो, याचा अर्थ तो सर्सीच्या पुढ्यात, म्हणजे नेमका आपण प्रेक्षक उभे आहोत त्याच जागी उभा आहे.

माझ्या मते या चित्राची सारी मोहिनी या मांडणीत आहे; पारदर्शक निळसर वस्त्राकडे लक्ष आधी जाते खरे, पण तशी वस्त्रे त्या काळातल्या कितीतरी चित्रांत सापडतील. सर्सीचे आसन उंचावर आहे, हनुवटी वर उचललेली आहे आणि पापण्या अर्ध्या मिटलेल्या आहेत, त्यामुळे ती आपल्याकडे खाली पाहते आणि आपल्याला मान वर करावी लागते. एका हातात पेला, दुसऱ्या हातात जादूची कांडी, असे दोन्ही हात तिने उंचावलेले आहेत. पेला स्वीकारणाऱ्याचे पुढे काय होते, हे तिच्या पायांशी पडलेले डुक्कर सांगते. तो सर्सीने जादूने डुक्कर बनवलेला ओडिसिअसचाच एक खलाशी.

ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात हर्मीस हा देव ओडिसिअसला काळ्या मुळाची, दुधासारख्या पांढऱ्या फुलाची वनस्पती आधीच देतो, म्हणून पेय पिऊनही त्याच्यावर जादू चालत नाही आणि तो तलवार उपसतो. चित्रकाराने हा विजयाचा क्षण न घेता त्याच्या आधीचा क्षण निवडला, आणि हर्मीसची ती वनस्पती प्रेक्षकाच्या हाती काही दिलेली नाही! सर्सीच्या महालाभोवती फिरणारे माणसाळलेले सिंह होमरमध्ये येतात, त्यांची आठवण सिंहासनाच्या हातांवर कोरलेले, जबडा वासलेले सिंह करून देतात.

मूळ चित्र इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या कलादालनाच्या संग्रहात आहे. पुढच्याच वर्षी वॉटरहाउसने रोमन कवी ओव्हिडच्या कथेवरून मत्सराने पेटलेली, पाण्यात हिरवे विष ओतणारी सर्सी रंगवली, ती ऑस्ट्रेलियातील ॲडलेडला आहे. दोन्हींची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत: तिथे तिची नजर पाण्यावर खिळलेली आहे, समोरच्याशी तिला काही देणेघेणे नाही.