चिलखतातले चाळीस

एका वाचकाचा प्रश्न असा: ‘मुलगा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची जुनी, क्लासिक आवृत्ती खेळतो. त्यातल्या ‘आर्मर’ला, म्हणजे अंगावर बसणारा मार कमी करणाऱ्या आकड्याला, मराठीत काय म्हणावं? ढाल, कवच, संरक्षण की चिलखत? आणि आर्मर दुप्पट केलं तरी मार निम्मा होत नाही, अशी त्याची तक्रार आहे. ते का?’

ढालीचा निकाल आधी लावतो, कारण तिनं माझं डोकं उठवलंय. मराठीतून गेम खेळून दाखवणारी पोरं सर्रास म्हणतात, ‘माझी ढाल बघा, पाच हजारांवर गेली.’ पडद्यावर बघावं तर गड्याच्या दोन्ही हातांत मिळून एकच भलीमोठी कुऱ्हाड! मग ढाल काय दातांत धरलीये? ढाल हातात असते, आर्मर अंगावर असतं, आणि या खेळात ढालीला वेगळी जागाच आहे. विषय संपला.

‘संरक्षण’ हे खात्याचं नाव आहे, ते दिल्लीला राहू द्या. शिवाय याच खेळात ‘डिफेन्स’ हा निराळा आकडा आहे. साठाव्या, म्हणजे क्लासिकमधल्या शेवटच्या पातळीवर तो मुळात ३०० असतो. मोठ्या राक्षसाचा दुप्पट लागणारा घाव पुरता बंद व्हावा म्हणून समोर उभं राहून मार खाणारे खेळाडू तो ४४० पर्यंत नेतात. त्याचा संबंध घाव लागण्या-चुकण्याशी आणि दुप्पट लागण्याशी आहे, साध्या लागलेल्या घावाचा जोर तो कमी करत नाही. आता दोन्हींना ‘संरक्षण’ म्हणून बघा, घरात रोज भांडण. डिफेन्सला ‘बचाव’ म्हणा. क्रिकेटनं तो शब्द आपल्याला तयार करून दिलाय.

राहिलं कवच. शब्द चांगला आहे, पण त्याची सवय वेगळी. कर्णाचं कवच जन्मजात होतं, दुकानातून आणलेलं नव्हतं. रामरक्षेतलं कवच तर नुसतं म्हणायचं असतं. (डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, खांदे, गुडघे असा एकेक अवयव त्यात सोपवलेला आहे. शिरस्त्राण, खांदे, छाती, हात, पाय अशी कप्पेवार खरेदी करणाऱ्या कुठल्याही गेमपेक्षा ही यादी लांब आहे, फुकट आहे.) जुन्या पंडितांनी कवचाची एक फोड केलीय: ‘क’ म्हणजे देह, आणि ‘वंच्’ म्हणजे चकवणं. शत्रूच्या शस्त्राला चकवून देह राखतं ते कवच. आजचे भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्तीवर नाक मुरडतील, मुरडोत. मला ती भलत्याच कारणासाठी आवडते. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-फाशांच्या खेळात आर्मर असंच चालायचं. बिनचिलखती माणसाचा आकडा ९, पोलादी पत्रे आणि ढाल घेतली की २. आकडा जितका कमी तितका तुम्हाला घाव लागणं कठीण. घाव लागला मात्र, तर पुरा लागला. (ही उलटी गिनती २००० साली सुलटी केली गेली.) ‘रूनस्केप’च्या जुन्या आवृत्तीतही आर्मर घाव चुकवतं, बोथट करत नाही. या खेळांत खुशाल ‘कवच’ म्हणा, पंडितांचा आत्मा शांत होईल.

वॉरक्राफ्टमध्ये मात्र आर्मर घाव चुकवत नाही, बोथट करतं. तिथं चिलखतच. आणि आता मी मुद्द्यावर येतो.

‘चिलखत’ या शब्दाच्या पोटात एक आकडा दडलेला आहे. फारसीत ‘चिहल’ म्हणजे चाळीस. मोहरमच्या दहाव्या दिवसानंतर चाळिसाव्या दिवशी येतो तो चेहलुम, तोच हा चिहल. ‘ऐन-ए-अकबरी’त शस्त्रं आणि चिलखतांची जी यादी आहे तीत ‘चिहलकद’ नावाचा लढाईचा अंगरखा आहे. चिहलकदचं झालं चिलकद, आणि चिलकदचं मराठीत चिलखत. ‘असं कसं होईल?’ म्हणून भुवया उंचावू नका. ‘वक्त’चं आपण ‘वखत’ केलं की नाही? तोच क, तोच ख. ‘मदद’ची आपण ‘मदत’ केली की नाही? तोच शेवटचा द, तोच त. मराठी जीभ परक्या शब्दाला रोज ज्या वाटेनं घरात घेते, त्याच वाटेनं हाही आला. एवढी सरळ व्युत्पत्ती हाताशी असताना एका कोशप्रेमी गृहस्थांनी मला बजावलं, की चिलखतातला ‘खत’ म्हणजे संस्कृत ‘क्षत’, म्हणजे जखम. मग ‘चिल’ म्हणजे काय? त्यावर ते ‘शोध चालू आहे’ म्हणाले. या न्यायानं शहाळ्यातही शहा सापडेल.

आता अडचण ‘कद’ची. कद म्हणजे उंची, अंगलोट. (‘कदकाठी’ असं हिंदीत म्हणतात तोच.) चाळीस उंच्यांचा अंगरखा? काही जुळत नाही. पण या शब्दाचं एक भावंड आहे, ‘चिल्तह’. त्यात ‘तह’ म्हणजे घडी, पदर. चाळीस पदरांचा, गोधडीसारखा टाचून शिवलेला अंगरखा. माझा तर्क असा, की कद काहीही असो, लोकांच्या मनातला अर्थ ‘चाळीस पदरी’ हाच होता. कोणी पदर मोजायला बसलं नव्हतं. फारसीत चाळीस म्हणजे ‘पुष्कळ’. इस्फहानच्या ‘चिहल सुतून’ महालाला, म्हणजे चाळीसखांबीला, खांब वीसच आहेत. उरलेले वीस समोरच्या तलावातल्या प्रतिबिंबाचे. आपण नाही का ‘असे छप्पन पाहिलेत’ म्हणत? ते तरी कोणी मोजलेत!

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली महाराजांनी अंगरख्याच्या आत जे घातलं होतं, त्याला आपण चिलखत म्हणतो आणि ते डोळ्यांपुढे लोखंडी कड्यांचंच येतं. म्हणजे गोधडीचं नाव लोखंडावर गेलं. होतं असं. कड्यांच्या जाळीचा फारसी शब्द ‘जिरह’, आणि तो आपल्याकडे टिकला तो फक्त डोक्यावर: जिरेटोप. जिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मी आजवर किती जणांना सांगितलं त्याचा हिशेब नाही. गेममधलं ‘मेल’ ते हेच, जिरह. आणि ‘अंगत्राण’ सुचवणाऱ्या परिभाषावाल्यांना विनंती, की आधी तो शब्द एखाद्या तेरा वर्षांच्या मुलाकडून खेळता खेळता म्हणवून घ्या, मग मला पत्र लिहा.

हां, मुलाची तक्रार राहिलीच. त्याला पदर मोजायला सांगा, टक्के नव्हे. समोरचा साठाव्या पातळीचा असेल तर हिशेब असा: तुमचं आर्मर भागिले (आर्मर अधिक ५५००), तेवढा हिस्सा मार अडतो. अंगावर ५५०० असलं की शंभराचा घाव ५० चा होतो. ११००० केलं की ३३ चा. १६५०० ला २५ चा, आणि तिथं दार बंद: पाऊणपेक्षा जास्त मार कधीच अडत नाही. पोरं हे बघून म्हणतात, पहिल्या ५५०० नं पन्नास वाचवले, दुसऱ्यानं जेमतेम सतरा, तिसऱ्यानं आठ, म्हणजे पुढचं सगळं वाया. साफ चूक. त्याचा जीव ४००० धरा. उघड्या अंगाला मारायला ४००० चे घाव पुरतात. पहिल्या ५५०० नंतर ८००० लागतात, दुसऱ्यानंतर १२०००, तिसऱ्यानंतर १६०००. प्रत्येक पदरानं बरोब्बर ४००० ची भर घातली. शेवटचा पदर पहिल्याइतकाच जाड. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे कोणी समजावून द्यावं लागलं नसतं. मात्र हे सगळं तलवार-कुऱ्हाडीच्या घावांपुरतं. जादूगारानं आगीचा गोळा फेकला की चिलखत नुसतं बघत बसतं, त्याला आडवणारे आकडे वेगळे आहेत.

आणि हे त्या मुलालाच विचारा, तो लगेच सांगेल: क्लासिकमध्ये लढवय्याला पोलादी पत्र्यांचं चिलखत अंगावर चढवायची मुभा कितव्या पातळीला मिळते? शिकाऱ्याला चामडं टाकून कड्यांचं कितव्या पातळीला घालता येतं? दोघांनाही चाळिसाव्या. गेम बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या मंडळींना फारसी येत नसणार, योगायोगच तो. पण मला कळलं त्या दिवशी मी दोन वेळा चहा केला.