पन्नाशीनंतर बासरी? घ्या की हातात!

रक्तदाबासाठी बासरी शिकायचीय म्हणताय, तर आधी एक: गोळी बंद करू नका. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात आणि बासरीत सगळा खेळ सावकाश श्वास सोडण्याचाच. म्हणून वाजवल्यावर निवांत वाटतं.

सध्या एवढंच करा:

- मध्यम लांबीची बासरी घ्या. खर्जाची (खालच्या सुराची) लांबलचक बासरी दिसते झकास, पण नवख्याची बोटं भोकांपर्यंत पोचत नाहीत.
- जोरात फुंकू नका. पहिल्या आठवड्यात मी इतका जोर लावला की गरगरून खाटेवर बसलो. तसं झालं तर बासरी खाली ठेवा, नेहमीसारखा श्वास घ्या.
- रोज 15 मिनिटं. फुंकायचं भोक सोडून त्याच्या जवळची तीन भोकं बोटांनी झाकून नुसता सा.

फुसफुस येतेय? बासरी ओठांवर किंचित फिरवून बघा. सा लागला की कळवा, अलंकारांचं (सरावाच्या स्वरमालिकांचं) तेव्हा बोलू.