प्रश्न तुमचे : इमॅक्समधली कॅपिटल-स्मॉलची गफलत

प्रश्न : इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये कंट्रोल-मेटा-एस दाबून कॅपिटल अक्षरांत ‘टूडू’ शोधलं, की कोडमधल्या तेवढ्याच खुणा सापडतात. तोच रेगेक्स (शोधाचा पॅटर्न) माझ्या फंक्शनमध्ये री-सर्च-फॉरवर्ड या शोधणाऱ्या फंक्शनला दिला, तर स्मॉल अक्षरांतलं ‘टूडू-लिस्ट’ हे व्हेरिएबलही पकडलं जातं. सहकाऱ्याच्या मशीनवर मात्र हेच फंक्शन नीट चालतं. असं का?

उत्तर : रेगेक्स बरोबर आहे. फरक केस-फोल्ड-सर्च या व्हेरिएबलमुळे पडतो. त्याची मूळ किंमत टी, म्हणजे कॅपिटल-स्मॉल एकच धरा. हाताने शोधताना तुम्ही एक जरी कॅपिटल अक्षर टाइप केलं, तरी इमॅक्स त्या शोधापुरता भेद पाळतो. ही सोय आयसर्चची, म्हणजे हाताने करायच्या शोधाची आहे. री-सर्च-फॉरवर्ड, लुकिंग-ॲट, स्ट्रिंग-मॅच ही फंक्शन्स फक्त व्हेरिएबल बघतात. सहकाऱ्याच्या इनिट फाइलमध्ये (इमॅक्स सुरू होताना वाचली जाणारी सेटिंग्जची फाइल) सेटक्यू-डिफॉल्टने बहुधा निल, म्हणजे भेद पाळा, असं दिलेलं असेल.

पर्लसारखा पॅटर्नमध्येच लिहायचा आय-फ्लॅग इमॅक्सच्या रेगेक्सला नाही. म्हणून लेटने किंमत त्या शोधापुरतीच बांधा :

(लेट ((केस-फोल्ड-सर्च निल))
  (री-सर्च-फॉरवर्ड पॅटर्न निल टी))

इथे सेटक्यू वापरू नका. हे व्हेरिएबल त्याने सेट करताच त्या बफरपुरतं (इमॅक्समध्ये उघडलेल्या त्या मजकुरापुरतं) लोकल होतं आणि फंक्शन संपल्यावरही तसंच राहतं. वापरणाऱ्याचा नेहमीचा शोध त्याच्या नकळत बदलतो. दुसऱ्याच्या बफरमध्ये चालणाऱ्या कोडने असं करणं आम्हाला अजिबात मान्य नाही. तात्पुरता बफर उघडणारं विथ-टेम्प-बफर वापरत असाल, तर लेट त्याच्या आत लिहा. बाहेर लिहिलं आणि मूळ बफरमध्ये आधीच लोकल किंमत असली, तर लेट तेवढीच बदलतो. टेम्प बफरला डिफॉल्टच दिसते.

व्हेरिएबल टी असताना चौकटी कंसात लिहिलेला कॅपिटल ए ते झेड हा पॅटर्न स्मॉल अक्षरांनाही जुळतो. अपर हा कॅरॅक्टर क्लासही (कॅपिटल अक्षरांचा गट) यातून सुटत नाही, त्यामुळे पॅटर्न बदलून उपयोग नाही. देवनागरीत असा भेदच नसल्याने मराठी मजकुरावर याचा परिणाम शून्य.

सापडलेलं बदलायचं असेल, तर रिप्लेस-मॅचचा दुसरा आर्ग्युमेंट टी द्या. नाहीतर कॅपिटलमधल्या ‘टूडू’च्या जागी स्मॉलमध्ये दिलेलं ‘डन’ही कॅपिटलमध्येच उमटतं.